भोसले, केशवराव
(९ ऑगस्ट १८९०–४ ऑक्टोबर १९२१). मराठी संगीत रंगभूमीवरील थोर गायक नट आणि ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे संस्थापक. पूर्ण नाव केशव विठ्ठल भोसले. जन्म कोल्हापूरचा. वडील लवकर वारल्याने घरावर हलाखी आली आणि मुलाचा गोड गळा हाच आधार ठरला. अगदी लहान वयात केशवरावांनी जनुभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत प्रवेश केला. नाटककंपनीत वाढणाऱ्या मुलांना शाळा मिळत नसे. नकला पाठ करणे, तालमी आणि पहाटेची गाण्याची मेहनत एवढेच त्यांचे शिक्षण. केशवरावांचेही तेच झाले.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ही मुलगी वयाने केशवरावांच्याच बरोबरीची होती. प्रौढ नटाने लुगडे नेसून उभी केलेली शारदा आणि त्याच वयाच्या मुलाच्या तोंडची शारदा यांत मोठाच फरक पडतो. या भूमिकेचे यश केवळ गळ्याचे नव्हते, ते या वयाचेही होते.

रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. चढा, धारदार आवाज आणि वेगवान, पल्लेदार तान ही त्यांच्या गायकीची ओळख झाली.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. या वयात बिऱ्हाडाचा खर्च, मुक्काम, नटसंच आणि प्रमुख भूमिका असा सगळा भार त्यांनी अंगावर घेतला. त्यांच्या कर्तृत्वाचा हा भाग गाण्याच्या कौतुकात अनेकदा झाकला जातो. जुन्या संगीत नाटकांवर कंपनी सहज चालली असती. पण त्यांनी नव्या लेखकांना रंगमंच दिला. हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ त्यांनी रंगभूमीवर आणले. एका स्त्रीने लिहिलेले नाटक त्या काळी करणे हे धाडसच होते. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’, मामा वरेरकरांची हुंडाप्रथेवरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि धर्मांतराच्या प्रश्नावरील ‘संन्याशाचा संसार’ ही नाटकेही त्यांनी केली. स्त्रीभूमिकांप्रमाणेच पुरुषभूमिकाही त्यांनी गाजवल्या. पडदे, पोशाख व नेपथ्य यांवर ते सढळ हाताने खर्च करीत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत, केशवराव धैर्यधराच्या. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर आले. सर्वांत वरच्या तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. मराठी संगीत नाटकाच्या वैभवाचा हा कळस मानला जातो, आणि तसे मानणे रास्तच आहे.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, अवघ्या एकतीस वर्षांचे असताना, केशवरावांचे विषमज्वराने निधन झाले.

कोल्हापूरचे पॅलेस थिएटर पुढे ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले. ‘ललितकलादर्श’ मात्र त्यांच्या मृत्यूने थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणले. बापूरावांच्या पश्चात त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी कंपनी पुन्हा उभी केली.