उलार गाडी ते डंपिंग ट्रॉली

शेतातली माती आणि मुरूम हलवण्याचे काम महाराष्ट्रात फार काळ डोक्यावरची पाटी आणि बैलगाडी यांनीच केले. गाडी रिकामी करायची युक्ती सोपी होती: बैल सोडायचे, जू वर उचलायचे, की गाडी मागे उलार होऊन माती आपोआप घसरे. आजच्या डंपिंग ट्रॉलीचे तत्त्व हेच आहे. जू उचलणाऱ्या हातांची जागा जॅकने घेतली.

1972च्या दुष्काळात पाझर तलाव आणि नालाबांधाची कामे निघाली, तेव्हाही माती घमेल्यांतूनच वाहिली गेली. त्यात बायांच्या माना किती झिजल्या, याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. ट्रॅक्टर पुढे गावोगाव आले, तरी सुरुवातीच्या साध्या ट्रॉल्या फाळका पाडून फावड्यानेच रिकाम्या कराव्या लागत. ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालणारा जॅक आला आणि हे कष्ट संपले.

2017च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनंतर गाळ वाहण्यासाठी ट्रॉलीची निवड हा कळीचा प्रश्न ठरला. माती ब्रासने मोजतात; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढी ओली माती साडेचार टनांच्या आसपास भरते. म्हणून ट्रॉलीच्या मापापेक्षा आस, टायर आणि ट्रॅक्टरचे ब्रेक आधी पाहावे लागतात. दोनचाकी ट्रॉली बांधावरून सहज वळते, पण तिचा भार आसाच्या किंचित पुढे हवा. मागे गेला, तर ती भरलेलीच उलार होते.