सौम्य नैराश्यावरील वनौषधी आणि वैमानिकांचे वैद्यकीय प्रमाणपत्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वैमानिकाचे मानसिक आरोग्य हा केवळ त्याचा खाजगी प्रश्न नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित प्रश्न आहे. अमेरिकेत सौम्य नैराश्यावर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आणि वैमानिकांच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे नियम यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

वनौषधीचा प्रसार :
२४ जून या संत जॉनच्या सणाच्या सुमारास फुलत असल्याने या वनस्पतीस हे नाव मिळाले. जर्मनीत १९८४ मध्ये शासननियुक्त तज्ज्ञ समितीने नैराश्यावरील तिच्या वापरास मान्यता दिली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने वनौषधींना आहारपूरक पदार्थांचा दर्जा मिळाला. विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याचे बंधन उत्पादकांवर राहिले नाही. १९९६ मध्ये २३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात ती सौम्य व मध्यम नैराश्यावर उपयुक्त असल्याचे अनुमान निघाले. २००२ मध्ये ३४० रुग्णांच्या चाचणीत, तीव्रतर नैराश्यात, तिचा प्रभाव सिद्ध झाला नाही. मुख्य निकषांवर सर्ट्रालिन हे मान्यताप्राप्त औषधही सरस ठरले नाही. दरम्यान २००० मध्ये ही वनस्पती एचआयव्हीवरील इंडिनाविर या औषधाची रक्तातील पातळी घटविते, हे स्पष्ट झाले होते.

नियम आणि पेच :
एप्रिल २०१० पूर्वी नैराश्यविरोधी औषध घेणाऱ्या वैमानिकास अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडून प्रमाणपत्र मिळत नसे. परिणामी उपचार टाळणे, आजार लपविणे किंवा चिठ्ठीविना मिळणाऱ्या वनौषधीचा आधार घेणे असे मार्ग मोहक ठरणे स्वाभाविक होते. परंतु ही पळवाट फसवी होती. प्रमाणपत्राच्या अर्जात चिठ्ठीविना घेतलेल्या औषधांचीही विचारणा होते. शिवाय आक्षेप केवळ औषधावर नसून मूळ आजारावरही असतो. २०१० मध्ये फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम व एस्सिटालोप्राम या चार औषधांना सशर्त अनुमती मिळाली. पूर्वी उपचार लपविलेल्यांना ते उघड करण्यासाठी सहा महिन्यांची मुभाही देण्यात आली. ऑस्ट्रेलियाने असे धोरण १९८७ पासूनच अवलंबिले होते.

निष्कर्ष :
२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान हेतुपुरस्सर पाडले व १५० जणांचा अंत झाला. त्याने आपला आजार कंपनीपासून लपविला होता. केवळ कठोर बंदीने सुरक्षितता साधत नाही, तसेच 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असेही नव्हे. उपजीविका गमावण्याच्या भीतीविना वैमानिकास आजार सांगता येणे, हीच सुरक्षिततेची पहिली अट होय.