काळी माती कुठे ठेवणार?

वणीहून मुकुटबनकडे जाताना एका वावरात तुम्ही उभे आहात. पऱ्हाटी कमरेला लागते आहे, ओळींमध्ये तूर आहे, धुऱ्यापलीकडे ई-क्लासच्या सरकारी चराऊ जमिनीवर गावची ढोरं चरत आहेत. आता खाली उतरा.

साधारण शंभर कोटी वर्षं मागे गेलात की वावर समुद्राखाली जातं. तळाशी चुन्याचा चिखल पापुद्र्यापापुद्र्याने साचतो आहे. शिंपला शोधू नका, कवचाचे प्राणी अजून जन्मायचे आहेत. या चिखलाचाच पुढे पैनगंगा गटातला चुनखडक झाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावर लाव्हा पसरला, थिजून बेसाल्ट झाला आणि तो बेसाल्ट झिजून काळी माती झाली. अमरावती-अकोल्याकडे बेसाल्टचे जाड थर आहेत. वऱ्हाडच्या या आग्नेय कोपऱ्यात ते विरळ होतात, म्हणून चुनखडक हाताशी येतो.

आता इंग्रजी अमलातल्या पहिल्या जमीनमोजणीच्या दिवसांत या. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांकडे गेलं आहे. मोजणीवाले साखळी ओढतात, खड्डा खणून मातीची खोली बघतात आणि त्यावरून प्रत ठरवून सारा बसवतात. खालच्या दगडाची किंमत तेव्हा कुणी धरत नाही.

आज हिशेब उलटा झाला आहे. मुकुटबनला 2022 साली वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडक लागतो. नव्या खाणीच्या आराखड्यात दगडाचा साठा टनात मोजलेला असतो आणि वरची माती मात्र ‘हटवायचा थर’ होते. हे मला खुपतं.

चाळीस वर्षं पुढे चला, खाण संपली आहे. कोळशाच्या खाणीत निदान टाकाऊ दगड-माती भरपूर निघते, ती खड्ड्यात परत भरता येते. चुनखडकात बहुतेक माल डम्परमधून कारखान्यात गेलेला असतो. भरायला पुरेसं काही उरत नाही, त्यामुळे खोल भागात खड्डा राहणारच आणि त्यात पाणी साचणारच. सगळं पुन्हा वावर करू, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कोणता भाग तलाव राहील आणि कोणत्या भागावर पुन्हा तूर उभी राहील, एवढंच ठरवता येतं. काळी माती मुरमात मिसळून ढिगाखाली गेली असेल, तर तुमच्यासमोर नुसत्या घळी पडलेल्या टेकड्या आहेत. ती वेगळी काढून, कमी उंचीच्या ढिगात, वर गवत पेरून राखली असेल, तर उथळ कडेला पेरणी चालू आहे. तलावाची एक बाजू उताराची केली असेल, तर ढोरं पाण्यापर्यंत उतरतात. नाहीतर चारी बाजूंनी सरळ कडे आहेत.

हे सगळं पहिल्या सुरुंगाआधीच ठरतं, म्हणून परत या. गावात मांडव आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या खाणीची जनसुनावणी लावली आहे, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत. भिंतीवर नकाशा आहे. लीजच्या हद्दीला लागून साडेसात मीटरचा पट्टा न खोदता सोडला आहे, त्यावर झाडं लावायची आहेत. पांदण रस्ता वळवला आहे, पण कुणीकडून ते नीट दिसत नाही. मुरमाच्या ढिगाची जागा नाल्याला चिकटून आहे.

एक म्हातारे शेतकरी उठतात. “सायेब, नोकरीचं तं सारेच इचारतात. आमची काळी माती कुठी ठेवसान, ते सांगा.”

मांडव त्यांच्याकडे वळून बघतो. अधिकारी नकाशावर बोट फिरवतो आणि थांबतो. खाण बंद करण्याच्या योजनेचा आढावा दर पाच वर्षांनी घ्यायचा असतो, पण जे आराखड्यात लिहिलंच नाही त्याचा जाब तेव्हा कशाच्या आधारे मागणार?

माईक आता तुमच्या हातात आहे. मातीच्या ढिगाची जागा गट नंबरासह विचारा, नाल्यापासूनचं अंतर मीटरमध्ये मागा. ई-क्लासच्या बदल्यात ढोरं कुठे चरतील, तेही विचारा. आणि उत्तरं इतिवृत्तात उतरली आहेत की नाहीत, हे वाचून घेतल्याशिवाय मांडव सोडू नका.