न्यायाधीशालाही मत द्यायचं का?

आजचा प्रश्न जरा विचित्र वाटेल. आपण सरपंच निवडतो, आमदार निवडतो. मग भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातला न्यायाधीश मत देऊन का निवडत नाही?

हसू नका, अमेरिकेत हे खरंच होतं. 1832 साली मिसिसिपी राज्याने सगळेच न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडायचं ठरवलं. हेतू चांगला होता. नेत्यांच्या मर्जीतली माणसं खुर्चीवर बसायला नकोत. आज तिथल्या बहुतेक राज्यांत काही ना काही न्यायाधीशांसाठी मतदान होतं. पण निवडणूक आली की प्रचार आला, आणि प्रचार आला की पैसा आलाच. 2025 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एकाच जागेसाठी जवळपास 10 कोटी डॉलर खर्च झाले!

आता आपल्याकडे या. 1932 साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं. पंचायतीलाच छोटे खटले चालवायचा अधिकार द्यावा, असं त्यात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम विरोध केला. गाव जातीजातींत वाटलेलं असताना तिथले पंच दुबळ्याला न्याय देतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. विचार करा, ज्यांच्या मतांवर पंच निवडून आला, त्यांच्याच विरुद्ध तो निकाल कसा देणार?

तरी प्रयोग झालाच. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती आल्या. काही गावं मिळून एक न्यायपंचायत, किरकोळ खटल्यांसाठी. पण 1975 मध्ये महाराष्ट्राने ती तरतूदच कायद्यातून काढून टाकली.

आणि भंडारा? 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक आठवा. बाबासाहेब इथून उभे होते आणि हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला, त्यांनाही मतदारांनी नाकारलं. लोकशाहीत हे चालतं, कारण खासदार मतदारांना उत्तर देतो. न्यायाधीशाचं तसं नाही. त्याच्यासमोर कधीकधी एकटा माणूस उभा असतो, आणि अख्खं गाव त्याच्या विरोधात असतं. अशा वेळी पुढच्या निवडणुकीची भीती असलेला न्यायाधीश कामाचा नाही.

म्हणून आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करतात, पण उच्च न्यायालयाचा सल्ला घेऊनच. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश मात्र न्यायाधीशांचंच कॉलेजियम सुचवतं, आणि तिथे कोणाला का निवडलं हे लोकांना फारसं कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. ती रास्तही आहे. पण त्यावरचा इलाज मतपेटी नाही. निवडीची कारणं उघडपणे सांगणं, हा आहे.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!