'स्ट्रेप्टोकॉकस' ही संज्ञा आणि पेशीविलगीकरणाची जनुके

शास्त्रीय संज्ञा ही पुष्कळदा प्रथमदर्शनाची नोंद असते. १८७४ साली व्हिएन्ना येथील शल्यविशारद थिओडोर बिलरॉथ यांनी दूषित जखमांत आढळलेल्या गोलाकार जंतूंच्या माळांना ग्रीक शब्दांवरून 'स्ट्रेप्टोकॉकस' असे नाव दिले. 'स्ट्रेप्टोस' म्हणजे वळलेला व 'कॉक्कोस' म्हणजे दाणा. माळ म्हटली की सूत्र आलेच. त्यामुळे हे दाणे कशाने जोडले जातात, असा प्रश्न मनात सहज उद्भवतो. वस्तुतः ते सुटे का होत नाहीत, असा प्रश्न विचारणे आवश्यक होते.

न्यूमोनियाच्या जंतूचे नामांतर या दृष्टीने उद्बोधक आहे. तो बहुधा जोडीने दिसतो, म्हणून १९२० मध्ये त्याला 'डिप्लोकॉकस', म्हणजे 'जोडदाणा', हे नाव मिळाले. पुढे, द्रव माध्यमात तो माळा धरतो हे लक्षात घेऊन, १९७४ मध्ये त्याची गणना 'स्ट्रेप्टोकॉकस'मध्ये करण्यात आली.

परंतु जोडी आणि माळ यांतील हा भेद किती नाजूक आहे, हे त्यापूर्वीच दिसून आले होते. १९६८ साली अलेक्झांडर टोमाझ यांनी या जंतूस कोलीनऐवजी इथॅनोलअमाइनवर वाढविले. पेशी विभागल्या, पण विलग झाल्या नाहीत. त्यांच्या माळा झाल्या. पेशीभित्तिका छेदणारी काही एन्झाइमे तिच्यातील कोलीनलाच चिकटतात, हे त्याचे कारण होय. १९९९ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी त्यांपैकी एकाचे, 'लिट-बी'चे, जनुक निकामी केले, तेव्हा अतिशय लांब माळा तयार झाल्या. शुद्ध केलेले 'लिट-बी' बाहेरून घालताच त्या पुन्हा जोड्यांत व आखूड माळांत विखुरल्या. म्हणजे ज्या लक्षणावर नामकरण झाले, ते एका जनुकाच्या कार्याने पालटू शकते.

या विलगीकरणास रोगाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. लांब माळांपेक्षा आखूड माळा शरीराच्या पूरक प्रथिनांचा मारा अधिक सहज चुकवितात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

संहितापाठ अखंड असतो. पदपाठासाठी छेद करावा लागतो. जंतूंच्या माळेचेही तसेच आहे. विभागणीनंतरची अखंडता आपोआप येते, विलग होण्यास मात्र कार्य घडावे लागते. बिलरॉथ यांनी दिलेले नाव आजही रूढ आहे व ते बदलण्याचे कारण नाही. मात्र त्या नावाने सुचविलेले सूत्र शोधण्याऐवजी छेद शोधला, तेव्हाच माळेचा उलगडा झाला.