उशिरा पोचलेला शब्द

कार्यालयातल्या आयपी फोनवर आवाज तुटायला लागला, की पहिली मागणी होते ती जास्त वेगाच्या लाइनची. पण या तंत्राच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलं, तर दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतं. माणसाच्या बोलण्याला जागा फार थोडी लागते. १९७२ साली ठरलेल्या जी.७११ या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणजे ६४ किलोबिट झाले. हा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या पॅकेटांत भरला आणि प्रत्येकावर पत्त्याची माहिती चढवली, की आकडा ८० किलोबिटांपर्यंत जातो. आजच्या कुठल्याही कार्यालयाच्या लाइनला हे ओझं जाणवूही नये. तरीही बोलणं तुटतं, कारण सेकंदाला निघणारी ती पन्नास पॅकेटं आपापल्या वेळेला पोचावी लागतात. फाइलचा एखादा तुकडा दोन सेकंद रखडला तरी फाइल शेवटी पुरी होते. बोलण्याचा तुकडा रखडला, तर तो येईपर्यंत त्याची वेळ टळलेली असते आणि आल्यावर तो टाकून द्यावा लागतो. आवाजाच्या बाबतीत उशीर म्हणजे नुकसानच, हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांनी आजच्या इंटरनेटची घडणच बदलली.

ऑगस्ट १९७४मध्ये इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरून कॅलिफोर्नियातली आयएसआय ही संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात पॅकेटांतून बोलण्याचा प्रयोग झाला. त्यामागे डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी होते. अर्पानेटच्या तारा ५० किलोबिटांच्या, त्यामुळे आवाज आवळून पाठवणं भागच होतं. मात्र खरी अडचण त्या जाळ्याच्या काटेकोरपणात होती. पाठवलेलं सगळं क्रमाने आणि हमखास पोचवायचं, एक पॅकेट हरवलं तर ते पुन्हा येईतो मागची थोपवायची, हा त्याचा धर्म. मजकुरासाठी तो उत्तम, संभाषणासाठी घातक. म्हणून आवाजाच्या प्रयोगांना ‘अनियंत्रित’ पॅकेटांची सवलत मिळाली: पोचलं तर पोचलं, हरवलं तर पुढे चला. हाच आग्रह कोहेन यांनी पुढे इंटरनेटच्या आराखड्यातही लावून धरला. तोवर टीसीपी हा एकसंध नियम होता. १९७८मध्ये त्याचे दोन भाग झाले: पत्त्यावर नेऊन पोचवणारा आयपी आणि खात्रीची जबाबदारी घेणारा टीसीपी. ज्याला खात्रीपेक्षा वेळ महत्त्वाची, त्याच्यासाठी १९८०मध्ये यूडीपी आला. टेलिफोन कंपन्यांनी इंटरनेट फोनला नंतर आलेला उपरा मानलं, ते मला म्हणूनच पटत नाही. आयपी टीसीपीपासून वेगळा झाला, त्याच्या मुख्य कारणांत आवाजाची गरज होती.

उशिराची किंमत टेलिफोनवाल्यांनाही वेगळ्या वाटेने कळली होती. पुणे जिल्ह्यातलं आर्वीचं भूकेंद्र १९७१मध्ये सुरू झालं आणि परदेशचे फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. शब्द वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद, उत्तर कानी पडायला अर्धा. आवाज स्वच्छ असूनही दोघं एकाच वेळी बोलू लागत आणि एकाच वेळी थांबत. त्यात स्वतःचाच प्रतिध्वनी परत येई. तो पुसून टाकणाऱ्या यंत्रणेचा पाया बेल लॅब्जमध्ये १९६०च्या दशकात घातला गेला आणि त्यात भारतात जन्मलेल्या मनमोहन सोंधी यांचा मोठा वाटा होता. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मर्यादा आजही आयपी फोनला लावतात.

भारतात इंटरनेटवरून फोन करायला १ एप्रिल २००२पासून परवानगी मिळाली, तीही मर्यादित. त्या काळच्या ६४ किलोबिटांच्या लीज लाइनचं गणित मांडून पाहावं. १,५०० बाइटचं ईमेलचं एक पॅकेट तिच्यावरून जायला १८७ मिलिसेकंद घेतं. आवाजाचं पॅकेट त्याच्या मागे उभं राहिलं, की तिथेच सगळी मर्यादा संपली. उपाय दोन होते: मोठी पॅकेटं चिरायची आणि आवाजाला रांगेत पुढे घ्यायचं. १९८१च्या आयपी मथळ्यातच ‘उशीर नको’ असं सांगणारा एक बिट होता, पण त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९९८मध्ये ती जागा डिफसर्व्ह या अग्रक्रमाच्या पद्धतीसाठी नव्याने आखली गेली, आणि आज आवाजाच्या पॅकेटावर ४६ हा आकडा असतो तो तिथेच.

यावर रास्त आक्षेप असा, की १०० मेगाबिटांच्या लाइनवर तेच ईमेल ०.१२ मिलिसेकंदात जातं. मग अग्रक्रमाचा खटाटोप कशाला? इमारतीच्या आतल्या तारांपुरतं हे मला मान्य आहे. पण टीसीपी मिळेल तेवढी लाइन भरून काढतो. मोठा बॅकअप वर चढत असताना बाहेरच्या टोकाची रांग भरते, आणि मेमरी स्वस्त झाल्याने मोडेमांतल्या रांगा अफाट लांब झाल्या आहेत. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांनी हा दोष उजेडात आणला. वेगवान लाइनवरही उशीर सेकंदाच्या घरात जाऊ शकतो, हे त्यातून दिसलं. दुसरा आक्षेप ओपससारख्या २०१२नंतरच्या कोडेकांचा, म्हणजे आवाज आवळण्याच्या पद्धतींचा: हरवलेला तुकडा ते अंदाजाने भरून काढतात. खरं आहे, आणि हे काम कौतुकाचं आहे. मात्र मागेपुढे येणारी पॅकेटं जुळवायला फोन ती थोडा वेळ धरून ठेवतो, आणि हा थांबा १५० मिलिसेकंदांतूनच वजा होतो.

अग्रक्रमाची खूण सेवा कंपनीच्या हद्दीत बहुधा पुसली जाते, म्हणून तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. कार्यालयाच्या हातात उरतं ते स्वतःचं टोक. बाहेर जाणारा वेग आपल्या राउटरवर लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी बांधला, तर रांग कंपनीच्या मोडेममध्ये न साचता आपल्याच राउटरमध्ये साचते, आणि तिथे आवाजाच्या पॅकेटाला पुढे सोडता येतं.