हरवलेल्या जन्मभूमीकडे

श्रोतेहो, मध्यंतरीं एका सायंकाळीं बुटीबोरीच्या रेल्वे स्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत मी बसलों होतों. शेजारीं एक तरुण चित्रकथांचा जाड संग्रह वाचीत होता. आकाशांतून झेप घेणारा निळ्या वेषाचा, तांबड्या झग्याचा तो वीर, सुपरमॅन, आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. माझी उत्सुकता पाहून तरुणानें पुस्तक मजपुढें केलें. गाडी उशिरानें आली, आणि तोंवर मी एक संपूर्ण कथा वाचून काढली. ती पराक्रमाची नव्हती. घरीं परत जाण्याची होती. त्या कथेच्या अनुषंगानें आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका प्रकरणाविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम या वीराची जन्मकथा पाहूं. जेरी सीगल आणि जो शूस्टर या अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं राहणाऱ्या दोन तरुणांनीं तो निर्माण केला, आणि जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत तो लोकांपुढें आला. नष्ट होऊं घातलेल्या एका दूरच्या ग्रहावरील शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलास यानांत घालून पृथ्वीकडे पाठवितो, एवढीच त्याची पूर्वपीठिका. पुढें १९३९ सालीं त्या ग्रहास ‘क्रिप्टॉन’ हें नांव मिळालें. दोघेही निर्माते युरोप सोडून आलेल्या यहूदी कुटुंबांतील होते. या वीरावरील सारे हक्क त्यांनीं अवघ्या १३० डॉलरांस विकून टाकले होते!

हरवलेल्या त्या ग्रहाकडे सुपरमॅन एकदां १९४९ च्या एका कथेंत गेला. काळाचा पडदा ओलांडून तो तेथें पोंचला खरा; परंतु तो सर्वांना पाहत होता आणि त्याला मात्र कोणी पाहूं शकत नव्हतें. माझ्या हातीं आलेली कथा नोव्हेंबर १९६० ची, स्वतः सीगलनें लिहिलेली. या वेळीं सुपरमॅन क्रिप्टॉनवर सदेह पोंचतो. तेथें त्याचें अद्भुत सामर्थ्य लोपतें, आणि तो चारचौघांसारखा माणूस होतो. ज्यांचा सहवास त्याला लाभला नाहीं, ते मातापिता तरुणपणीं त्याला भेटतात. पण हा आपला भावी पुत्र, हें त्यांना ठाऊक नसतें. एका नटीवर त्याचें प्रेमही जडतें. हा ग्रह नष्ट होणार, हें जाणूनही तो तेथें राहावयास तयार होतो. शेवटीं केवळ दैवयोगानें तो अवकाशांत फेंकला जातो आणि त्याची शक्ति परत येते. शक्ति मिळाली, घर गेलें! सीगलचे वडील १९३२ सालीं त्यांच्या दुकानांत चोर शिरले असतां मरण पावले होते. त्यावरून कथेचा अर्थ लावण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु हें समजल्यावर ती कथा पुन्हां वाचतांना मन हेलावतें, एवढें खरें.

आतां आपल्याकडे वळूं. कोंकणांतील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि सात जोडपीं तेवढीं वांचलीं. त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं ते काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी त्यांची मातृभाषा झाली. धर्मग्रंथांतील कथांवर त्यांनीं मराठींत कीर्तनें रचलीं. नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं गांवांचीं नांवें त्यांनीं आडनांवें म्हणून धारण केलीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि यांतील हजारो कुटुंबें प्रार्थनेंत जपलेल्या आपल्या आद्यभूमीकडे निघालीं.

तेथें काय झालें? कांहींना तेथील वागणूक इतकी जाचली कीं, आम्हांस भारतांत परत पाठवा म्हणून त्यांनीं धरणें धरलें. १९५२ सालीं कांहीं कुटुंबें परत आलीं. आणि विशेष हें कीं, त्यांपैकीं अनेक पुढें पुन्हां इस्राएलला गेलीं. विवाहाच्या प्रसंगीं त्यांच्या यहूदी वंशाविषयींच तेथील धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली. आंदोलनें झालीं, आणि शेवटीं १९६४ सालीं त्या देशाच्या संसदेनें हे लोक सर्वार्थानें यहूदीच आहेत, असें जाहीर केलें. पूर्वजांच्या घरीं जाऊन ‘मी या घरचाच’ हें सिद्ध करावें लागावें, यापरतें दुःख कोणतें? १९६० च्या कथेंतील पुत्रही आईबापांपुढें असाच अनोळखी उभा होता.

मग त्यांची खरी हरवलेली भूमि कोणती, जेरुसलेम कीं नवगांव? मला वाटतें, दोन्ही. एकीकडे जातांना दुसरी हरवते. तेथें गेल्यावर त्यांनीं ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें, यांतच सारें आलें.

हें सर्व मी बुटीबोरीस वाचावें, यांत मला कांहीं योग दिसतो. येथील विस्तीर्ण औद्योगिक वसाहतींत परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून माणसें पोटासाठीं आलीं आहेत. सणावारीं तीं गांवीं जातात. पण ज्यांच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, ते कोठें जाणार? ते जागचे हलले नाहींत. त्यांच्या पायांखालून गांव तेवढें निघून गेलें. त्यांच्यासाठीं परतीची गाडी कोणत्याही स्थानकावरून सुटत नाहीं.

ग्रह परत मिळत नाहीं, गांव परत मिळत नाहीं. परंतु त्याची आठवण पुढच्या पिढीच्या हातीं देतां येते. सीगलनें ती चित्रकथेंत ठेविली, बेने इस्राएलांनीं आडनांवांत ठेविली. आपल्या घरांतील वृद्धांस त्यांच्या शेताचें, विहिरीचें, पांदीचें नांव विचारून ठेवा, श्रोतेहो. उद्यां तें सांगणारें कोणी असेलच असें नाहीं.